लाल चिंधीच्या काठ्या

प्रिय सुलभा,

रागात लिहितोय, हे आधीच सांगतो. हात काट्यांनी ओरबाडलेत, कात्री अंगणात पडलीय, आणि भिंतीपलीकडे हंसाबेन पदर तोंडाला लावून हसतेय की रडतेय, ते कळत नाही. कारखान्याच्या दारात उभं राहून कुठलं बेअरिंग गेलंय ते नुसत्या आवाजावर सांगणारा माणूस मी! मला कळत नाही!

तू गेल्यापासून तुझ्या बेरीला एक फळ लागलेलं नाही. का लागलं नाही, ते आज सकाळी कळलं. म्हणून हे पत्र.

आठवतं, कशी आणली होतीस ती? शाळेची सहल घेऊन पाचगणीला गेलीस. बाकीच्या बाईंनी जॅमच्या बाटल्या आणल्या, तू ओल्या गोणपाटात गुंडाळलेली काटेरी काडी आणलीस. म्हणे रासबेरी आणि ब्लॅकबेरीचा संकर! मी म्हटलं, “अगं, इथल्या उन्हात वासोण्याच्या सफारीतल्या सिंहांना धाप लागते. ही थंड हवेची पोर अथालला काय जगणार?”

तू गोणपाट सोडता सोडता म्हणालीस, “तुम्ही धुळ्याहून एका पिशवीवर आलात. तुम्ही जगलात ना?”

बोलायला जागाच ठेवायची नाहीस तू.

आणि जगली की! पूर्वेच्या भिंतीला, हंसाबेनच्या चिकूच्या अर्ध्या सावलीत. दोन वर्षं नुसते काटे. तिसऱ्या उन्हाळ्यात वाटीच्या तळाला चार फळं, जांभळी म्हणावी तर लाल, लाल म्हणावी तर काळी. किती आंबट, बाई! माझा एक डोळा मिटला तो मिटलाच. तू मात्र अख्ख्या गल्लीत अशी मिरवलीस की जणू मुलगा कलेक्टर झाला.

पुढे वाट्यावर वाट्या भरायला लागल्या. दरवर्षी फळ संपलं की पावसाआधी तू ती छाटायचीस. मी वर्कशॉपवर. संध्याकाळी आलो की कोपऱ्यात काट्यांचा भारा दिसायचा, बस. काय कापलंस, काय ठेवलंस, मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. तुझ्या शाळेत मी नाक खुपसत नव्हतो, माझ्या मशिनीत तू. तसंच चाललं होतं आपलं.

मग तो शेवटचा उन्हाळा. दवाखान्यातून आणलेली तू, अंगात त्राण नाही, आणि मी घासायची भांडी घेऊन बाहेर येतो तर बाईसाहेब अंगणात स्टुलावर! मांडीवर जुन्या साड्यांच्या चिंध्या. कोवळ्या हिरव्या काठ्यांना लाल, जाड तपकिरी काठ्यांना पांढरी. गाठी मात्र ओढून ओढून घट्ट मारत होतीस.

“हे काय आता नवीन?” मी विचारलं.

“नंतर सांगते. आधी चहा टाका.”

मी चहा टाकला. तू प्यायलीस. ते तुझं ‘नंतर’ कुठे आलं, सुलभा?

तेरावं झालं, पाव्हणे गेले, पावसाचे ढग दिसायला लागले. मी कात्री घेतली. म्हटलं, हिने खुणा करून ठेवल्यात, आपण फक्त हात चालवायचा. आता तूच सांग, माझ्यासारखा माणूस काय समजणार? हेल्पर म्हणून लागलो त्या पहिल्या दिवशी सुपरवायझरने मला दोन डबे दाखवले होते. लाल डबा म्हणजे रिजेक्ट. सगळी हयात त्या लाल डब्यात माल टाकण्यात गेली. इथे अथाल-सिल्वासात ज्याच्या घरात कोणी कारखान्यात जातं, त्याला लाल म्हणजे काय ते विचारावं लागत नाही.

मी सगळ्या लाल चिंध्यावाल्या कापल्या. अगदी बुडापासून, तुला आवडायचं तसं स्वच्छ.

दुसऱ्या वर्षी फळ नाही. जाड काठ्या नुसत्या उभ्या. वाटलं, झाडालाही दुःख होत असेल. पावसात बुडातून पुन्हा हिरव्या काठ्या फुटल्या. तुझाच नियम पुढे चालवला मी! कोवळ्यांना लाल टेप लावला आणि उडवल्या, की फुकट खाणारी तोंडं कमी होऊन जाड काठ्यांना जोर मिळेल. शेणखत घातलं, ताक घातलं. आपल्या नीलेशने मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला, तर त्यातला माणूस लोकरीची टोपी घालून बर्फात उभा! आपल्याकडे बर्फ उसाच्या रसाच्या गाडीवर. केला बंद.

यंदाही काही नाही. आणि नीलेशचा आपला एकच धोशा. “पप्पा, तिथे गाडी आरामात बसेल. किती दिवस काटे सांभाळणार?” मुलगा वाईट नाही गं. त्याची पॅन्ट फाटलीय त्यात दोनदा. मी वैतागून म्हणालो, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर काढून टाक मुळासकट.

आज सकाळी शेवटचा प्रयत्न म्हणून कात्री घेऊन बसलो. एकामागून एक लाल टेपवाल्या उडवत होतो. शेवटची एक राहिली, तेवढ्यात, गेल्या दोन्ही छाटण्यांच्या वेळी गावाला असलेल्या हंसाबेनचं भिंतीवरून ओरडणं आलं, “अरे भाई, आ शुं करो छो? लाल केम कापो छो?”

लाल का कापता, म्हणे! “रिजेक्ट आहे,” मी म्हणालो.

“शेनी रिजेक्ट, कसली रिजेक्ट? लाल तर सवाष्ण! पुढच्या वर्षी तिची ओटी भरणार. सफेदवाली, तिचं फळ देऊन झालं, तिला कापायची. सुलभाबेने तुम्हाला सांगितलं नाय?”

मी कात्री खाली टाकली. मग ती म्हणाली, आणि हे मला जास्त लागलं, “ती कधी चिंधी नव्हती बांधत. तिला नुसतं बघून समजायचं. त्या साली बांधली. बोलली, हंसा, ह्यांना कळायला पाहिजे ना.”

म्हणजे तुला माहीत होतं! पुढची छाटणी तुझ्या हातून होणार नाही, हे माहीत होतं, आणि तू मला चहा टाकायला पाठवलंस? एक वाक्य बोलायचं होतं, बाई! चाळीस पोरांच्या वर्गात मागच्या बाकापर्यंत आवाज जायचा तुझा. आणि खूण केलीस ती तरी कसली? हळदीकुंकवाला विधवा बाईला आधी कुंकू लावणारी तू. सवाष्णीचा लाल रंग तू वापरशील, हे माझ्या डोक्यात यायचं कसं? ज्याच्यासाठी खूण, त्याला काय कळतं, हा विचार करायला नको?

की केला होतास? जपायची ती मला आधी दिसावी म्हणून? लाल रंग मला सगळ्यात आधी दिसतो, हे तुलाच माहीत होतं.

आता खरं सांगतो. मरून काड्या झालेल्या त्या पांढऱ्या चिंध्यांच्या काठ्या मी दोन वर्षं उभ्या ठेवल्या, ते काही फक्त नियमासाठी नाही. वारा आला की त्या एकमेकींवर खडखड वाजतात. मेलेलं लाकूड कसं वाजतं ते या कानांना कळत नाही का? पण त्या गाठी तू मारलेल्या होत्या.

दुपारी बसलो आणि त्या कापल्या. सगळ्या. तुझ्या गाठी सुटता सुटत नव्हत्या. मग नाद सोडला, गाठींसकट भारा बांधला.

अंगणात आता एकच काठी आहे, लाल टेपवाली, कमरेएवढी. कशी उघडी पडलीय म्हणून सांगू! नीलेश आला आणि खूश झाला, “पप्पा, जागा केली का?” मी म्हटलं, “केली. पण तुझ्या गाडीसाठी नाही. गाडी रस्त्यावरच राहील, चिकूवरचे पक्षी घाण करतील, पुसत बस.” थोड्या वेळाने त्यानेच काठीला आधाराला बांबू आणून दिला.

तर ऐक. या काठीला कोणी हात लावणार नाही, हा माझा शब्द. उन्हाळ्यात तिला फळ आलं तर पहिलं हंसाबेनला, दुसरं नीलेशला, आणि एक डोळा मिटून तिसरं मी खाईन. मग तिला पांढरी चिंधी बांधीन आणि माझ्याच हाताने कापीन, या वेळी उशीर करणार नाही. बुडातून जी नवी येईल तिला लाल. आणि नीलेशला शेजारी उभं करून तोंडाने सांगीन, चहाच्या आधी.

तुझा,
‘अहो’