थंडी वाजणारे पिलू

सौ. तुळसाबाईस जरीपटक्याहून सप्रेम आशीर्वाद.

माझा खोकला थांबला आहे. सूनबाई वेळेवर काढा देते. तुझे गुडघे कसे आहेत?

बालवाडीच्या बाईंनी हिवाळ्यातील प्राण्यांवरून अंक शिकवायला सांगितले आहे. नात भूमिका पेंग्विनची कागदी पिले मोजत होती. एका पिलाला तिने दोनदा स्पर्श केला आणि चारांची पाच झाली. मी चूक दाखवताच ती म्हणाली, "आबा, त्याले थंडी वाजून राहिली ना."

तरीही मी तिला पुन्हा मोजायला लावले. आता मी जवळ बसलो, की ती सारी पिले डब्यात लपवते.

बोटभर कानटोपी विणून पाठवशील? त्या पिलाला घातल्यावर भूमिका जितकी मोजेल, तितकी मला मान्य आहेत.

तुझा भाऊ,
कवडू