ऑगस्टमधलं पहिलं नाव

डेकोरा, आयोवा
२१ ऑगस्ट, गुरुवार

प्रिय बेरिट,

तुझं कार्ड सोमवारी मिळालं. इकडे सगळं ठीक. आईच्या गुडघ्याची सूज उतरली आहे आणि वृद्धाश्रमाच्या जेवणघरात तिला एकदाची खिडकीजवळची खुर्ची मिळाली. परसातल्या झुकिनीने यंदा उच्छाद मांडला आहे. दारोदार वाटून झाली, आता लोक मला लांबून पाहूनच रस्ता बदलतात. म्हणून रविवारी चर्चबाहेर ज्या गाड्यांना कुलूप नव्हतं त्यांच्या मागच्या सीटवर दोन-दोन ठेवून आले. पाद्र्यांच्या गाडीत चार.

पहिला कौल आयोवाचा, म्हणून उमेदवारांचंही पीक तसंच. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला अजून सव्वा वर्ष आहे आणि जत्रेत एका सकाळी तिघांनी माझा हात हातात घेऊन हलवला. त्यातला एक दुसऱ्या हाताने काडीला लावलेला डुकराच्या मांसाचा तुकडा खात होता. मी त्याचं नाव विचारलं तर बिचारा दुखावला.

मंगळवारी तू टीव्हीवर होतीस. तो निळा कोट तुला शोभतो. आईने हॉलमधल्या सगळ्यांना गप्प बसवलं आणि तू दिसल्याबरोबर म्हणाली, "ही माझी धाकटी. ऑल्डन राष्ट्राध्यक्ष होणार, हे हिने सगळ्या देशाच्या आधी ओळखलं होतं." शेजारच्या म्हातारीने माझ्याकडे पाहून विचारलं, "आणि ह्या कोण?" आई म्हणाली, "ही आर्डिस. ही जवळच राहते."

बस, एवढंच. मी जवळच राहते.

नंतर तू तुझ्या ऑगस्टमधल्या मतपाहणीबद्दलचं ते वाक्य म्हणालीस. "लोक हसतात, पण ऑगस्ट खोटं बोलत नाही." माझ्या लिनियाला ते तोंडपाठ आहे. काल भांडी पुसता पुसता तुझ्यासारखीच हनुवटी वर करून तिने ते म्हणून दाखवलं. दिवसभर तिचं 'मावशी म्हणते' आणि 'मावशीकडे असं करतात' चालू असतं. शनिवारी ती गाडी घेऊन वॉशिंग्टनला निघेल आणि सोमवारपासून तुझ्या कचेरीत बसेल. मला आनंद व्हायला हवा. पण होत नाही, बेरिट. माझ्या पोटात दुखतं. तुझं नाव, तुझा कोट, तुझी टीव्हीवरची खुर्ची, हे सगळं मी चोवीस वर्षं लांबून पाहिलं आणि म्हटलं, जाऊ दे, मला कुठे हवं होतं. पण आता तू पोरगीही नेतेस. हे मात्र जाऊ दे म्हणवत नाही.

आता तुझ्या कार्डाबद्दल. "ताई, त्या पहिल्या मतपाहणीचे कागद अजून तुझ्या तळघरात आहेत ना? विद्यापीठाच्या ग्रंथालयात काचेखाली मांडणार आहेत. लिनियाबरोबर पाठव." आहेत. चारशेच्या चारशे आहेत. तळघरात पाणी शिरलं होतं त्या वर्षी मी लग्नाच्या फोटोंआधी ती पेटी वर आणली होती. का आणली, ते सांगायला चार दिवस शब्द शोधते आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच प्रश्न विचारतेस आणि मग मी भलतंच बोलून जाते.

चोवीस वर्षांपूर्वीचा तो ऑगस्ट तुला आठवतोच. तुझ्याकडे पैसा नव्हता आणि माणसंही नव्हती. शंभर फोन शेजारच्या डोरीनने केले आणि तीनशे मी, स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनवरून. लिनिया पाच महिन्यांची होती, दात येत होते, मांडीवरून खाली ठेवली की आकांत. तू सहा उमेदवारांच्या नावांची यादी दिली होतीस आणि बजावलं होतंस, "ताई, एक लक्षात ठेव. दर फोनला सुरुवात पुढच्या नावापासून करायची. प्रत्येक कागदावर एका नावापुढे चांदणी आहे, तिथून वाचायला लाग. लोक ऐकलेलं पहिलं नाव उचलतात."

पहिले पंधरा-वीस फोन मी चांदणी पाहून केले. पुढे एका हातात फोन, एका हातात पोर, कागद टेबलावर, त्यावर गाजराचा चिखल. चांदणी शोधणार कोण? मी सरळ वरून खाली वाचत गेले. वरचं नाव ऑल्डन. नावं आद्याक्षराने लावली होती म्हणून वर, दुसरं काही नाही.

आणि ऑगस्टमध्ये लोक कसे असतात ते तुला तरी मी काय सांगायचं? अर्ध्यांना कोण उभं आहे तेच ठाऊक नव्हतं. एक म्हणाला, "अहो बाई, माझी गाय विते आहे. ते पहिलं नाव काय म्हणालात? तेच टाका आणि सोडा मला." एकीने विचारलं, "ऑल्डन? तो औषधाच्या दुकानातला का? चांगला आहे की मुलगा!" मी म्हटलं, नाही हो, हे गव्हर्नर आहेत. तर म्हणते, "असू दे, असू दे. चांगलाच असेल." तिचीही खूण मी केली. करायचीच होती, तिने नाव घेतलं होतं.

ऑल्डनला एकोणीस टक्के मिळाले, दुसरा नंबर. इतर सगळ्यांच्या पाहणीत तो कुठेच नव्हता. सगळे तुला हसले. छापून आल्यावर दोन दिवसांनी मी कागद गठ्ठ्यात लावायला घेतले आणि दोन्ही गठ्ठे वेगळे मोजले. डोरीनने चांदण्या नीट पाळल्या होत्या. तिच्या शंभरात ऑल्डन चार. माझ्या तीनशेत बहात्तर.

मी तुला लगेच फोन केला, देवाशपथ. तूच बोलत सुटलीस, "ताई, मोठ्या पेपरवाल्यांचा फोन आला होता! मला मुलाखत देतेस का विचारतात!" मी गप्प बसले. म्हटलं, उद्या सांगू. मुलाखत आली तेव्हा त्यात लिहिलं होतं, "फोन काही स्थानिक गृहिणींनी केले." तो अंक मी अजून ठेवला आहे. त्यानंतर मी ठरवलंच की सांगायचं नाही. तुझ्या भल्यासाठी गप्प बसले असं समजू नकोस. तुझा एवढा मोठा डोलारा माझ्या एका चुकीवर उभा आहे आणि ते फक्त मला ठाऊक आहे, याचं मला सुख होतं. तू जितकी वर जायचीस, तितकी मी ती पेटी जपायचे.

पुढे ऑल्डन खरंच निवडून आला. तुझा आकडा छापून आला म्हणून टीव्हीवाले त्याच्या मागे लागले आणि तो जिंकला, की तसाही जिंकला असता? मला आजही कळत नाही. तुलाही कळणं शक्य नाही. त्यानंतरच्या पाच निवडणुकांत तुझा ऑगस्ट दोनदा बरोबर आला आणि तीनदा चुकला. मी मोजते. चुकलेले तीन कोणी विचारत नाही, आणि तूही सांगत नाहीस.

आज सगळ्यात अवघड ते सांगते. परवा सकाळी मी मुद्दाम ते कागद स्वयंपाकघरात टेबलावर पसरून बसले. लिनियाला दाखवायचंच होतं. बघ तुझी मावशी, बघ तिचा ऑगस्ट. वाक्यं तयार होती माझी. ती आली, एक कागद उचलला आणि त्यावरचा नारिंगी डाग नखाने खरवडत म्हणाली, "हा माझा?"

"तुझाच. गाजर."

"म्हणजे हे तू विचारलंस? तीनशे लोकांना? मला मांडीवर घेऊन?"

"मग काय, तुला फोनला अडकवलं होतं?"

ती हसली नाही. खाली बसली. "आई, तू कधी बोलली का नाहीस? त्या आकड्यातला पाऊण भाग तुझा आहे!" आणि टीव्हीवर तुझ्याकडे पाहते तशी ती माझ्याकडे पाहायला लागली.

 सगळी वाक्यं गिळली, बेरिट. कॉफी ओतली आणि म्हटलं, "हो गं, काय करणार, कोणीतरी करायलाच हवं होतं." जन्मात पहिल्यांदा तो आकडा मला आवडला.

तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही. बेरजा तू केल्या होत्यास. डोरीनचे कागद निळे, माझे पांढरे. दोन्ही गठ्ठ्यांकडे तू एकदाही वेगळं पाहिलं नसशील? की पाहिलंस, आणि त्याच वेळी तो पेपरवाल्यांचा फोन आला? मी तुला दोष देत नाही. परवा माझ्याकडे एका पोरीने तसं पाहिलं तर मी गप्प बसले. तुझ्याकडे तर सगळा देश तसा पाहत होता.

पेटी पाठवते आहे. निळे वर, पांढरे खाली, सरमिसळ केलेली नाही. काचेखाली मांडायचे तर मांड, पण चांदण्या दिसतील अशा मांड. आणि लिनियाला कामाला लावण्याआधी तिच्याकडून एकदा दोन्ही गठ्ठे मोजून घे. तू स्वतः सांगितलंस तर ती तुला आणखीच डोक्यावर घेईल. त्याचाही मला हेवा वाटेल, तेही आत्ताच सांगून ठेवते. तरी सांग.

हे पाकीट मी चिकटवलेलं नाही. वॉशिंग्टन दोन दिवसांच्या वाटेवर आहे आणि पोरगी तुझ्यावर गेली आहे, तिला उघडं पाकीट दिसलं की राहवत नाही. तोंडाने मला जमलं नाही, म्हणून असं. म्हणजे ती तुझ्या दारात येईल तेव्हा तिला सगळं ठाऊक असेल आणि ती काही बोलणार नाही. तिने विचारायच्या आत तू सांगतेस का, एवढंच ती पाहील.

लिनिया, वाचतेच आहेस तर ऐक. चूक माझी होती, मावशीची नव्हे. गप्प कोण किती बसलं ते तिला विचार. डब्यात लेफ्सा, आपली ती बटाट्याची पोळी, आणि कोंबडीचं सँडविच आहे, पेट्रोल भरायला थांबशील तिथे खाऊन घे. आता हे पाकीट नीट चिकटव, मावशीच्या हातात दे, आणि पोचल्यावर आधी मला फोन कर. आधी मला.

चांदणी न पाहता वाचत गेलेली, जवळच राहणारी
तुझी ताई,
आर्डिस