‘ऑटो’वरच राहू द्या

बाबा,

मी ड्यूटीला निघालेय. जेवण झाकून ठेवलंय.

तुमच्या कॉम्प्युटरचं दुखणं सापडलं. नेटच्या सेटिंगमध्ये कुणीतरी ‘फुल डुप्लेक्स’, म्हणजे दोन्हीकडून एकाच वेळी बोलणं, निवडून ठेवलं होतं. अर्ध्यापेक्षा पूर्ण बरं, असं कुणालाही वाटेल म्हणा. पण राउटर ‘ऑटो’वर आहे, म्हणजे समोरच्याशी बोलून काय ते ठरवतो. आपण या टोकाला ‘फुल’चा हट्ट धरला, की ते टोक गोंधळून ‘हाफ’ धरतं, म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचं. मग दोन्हीकडून एकदम बोलणं आलं की आवाज तुटतो आणि कॉल बंद पडतो. आता इकडेही ‘ऑटो’ केलंय. कृपा करून त्याला हात लावू नका.

सकाळी त्यावरूनच मोठ्या भावजींना कॉल लावून पाहिला. चांगल्या तासभर गप्पा झाल्या, एक शब्द तुटला नाही. इतके दिवस तुमच्या या लेकाला वाटत होतं, तुम्हीच रागाने मध्येच कॉल तोडता. तुम्हीही त्यांच्याबद्दल तेच म्हणत होता, हे मी बोलले नाही. दोष मशीनचा होता, एवढंच सांगितलं.

संध्याकाळी ते तुम्हाला कॉल करणार आहेत. मी घरी नसेन, त्यामुळे ‘बाबा आंघोळीला गेलेत’ असं सांगायला कुणी नाही. तुम्हालाच उचलावा लागेल.

तुमची सून