खारी एकटीच परत आली

प्रिय मेघाली,

हे पत्र मधेच टाकून फोन लावू नकोस. शेवटपर्यंत वाच. फोनवर तुझा आवाज आला की मी भलतंच बोलत बसते आणि सांगायचं तेवढं राहून जातं, हा दर वेळचा अनुभव आहे. अंगणवाडीत पोरांकडून अक्षरं गिरवून घेणारी बाई मी, लिहायला बसले तर नीट क्रमाने सांगता येईल असं वाटलं. भिवंडीत अर्ध्या तासावर राहणाऱ्या लेकीला आई पत्र पाठवते म्हणून पोस्टमन हसला तर हसू दे.

तुझ्या खारीचंच आहे हे. घरमालक कुत्रं ठेवू देत नाही म्हणून तू तिला इथे सोडलंस, तेव्हा तुझे बाबा म्हणाले होते, ही ब्याद मी मानकोलीच्या गोडाऊनांकडे सोडून येतो. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिच्या गळ्यात पट्टा घालून निघाले. मी दारात उभी राहून तोंडाला येईल ते बोलले. उन्हं वर आल्यावर दोघं परतले, तिच्या अंगाला कुसळं आणि यांच्या लेंग्यालाही. डोंगरावर फिरवून आणलं होतं. तेव्हापासून ती फेरी चुकली नाही. कुणी विचारलं तर सांगायचे, डॉक्टरने चालायला सांगितलंय. कुठल्या डॉक्टरने, ते मला अजून कळलेलं नाही.

घरात मात्र तेच. तू नागसेनशी लग्न केलंस त्या दिवशी म्हणाले होते, 'तिचं नाव या घरात घ्यायचं न्हाय.' जातीचा ताठा, दुसरं काय! मी घेत राहिले, ते उठून ओट्यावर जात राहिले. तुझ्या खोलीत त्यांनी तांदळाच्या गोणी रचल्या आणि दार ओढून घेतलं. माणूस इतका दगड कसा होऊ शकतो, याचा मला संताप यायचा. अजूनही येतो.

डोंगराची वाट तुझ्या पायाखालचीच. गोडाऊनची पत्र्याची भिंत संपली की साग आणि ऐनाची झाडं, मग करवंदीच्या जाळ्या, वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आणि पुढे ओहोळ. पण तू गेल्यापासून ते रान तसं राहिलेलं नाही. डुकरं धरायला कुणीतरी वाटेवाटेवर तारेचे फास लावून ठेवतं. पावसाळ्यात रानात सरपण वेचणाऱ्या गुणाबाईची शेळी गेली, तिथे ओल्या मातीत बिबट्याचे पंजे होते. म्हणून तुझे बाबा खारीला मोकळं सोडत नसत. पट्ट्याची मूठ मनगटात घालून वर वेढा द्यायचे, मी स्वतः पाहिलंय.

गेल्या सोमवारी खारी एकटीच परत आली. पट्टा मागे फरफटत होता, त्यात करवंदीच्या काटक्या अडकल्या होत्या. मी आधी पट्टा पाहिला. तुटला नव्हता, चावलेला नव्हता, मूठ शाबूत होती. म्हणजे त्यांनी तो हाताने सोडवला होता, आणि ते कधी सोडवत नसत. मी विचारलं, कुठे आहेत ते? खारी मात्र माझ्याकडे बघायलाही तयार नाही. सरळ तुझ्या खोलीकडे गेली, डोक्याने दार ढकललं, गोणी हुंगल्या, तुझ्या खाटेखाली शिरली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. मला वाटलं, भेदरून लपायला जागा शोधतेय. शेवटी मीच पट्टा धरला आणि ओरडले, चल, कुठे ठेवलंस त्यांना दाखव. तेव्हा कुठे ती निघाली.

मेघाली, मी आयुष्यात कधी कुत्रं फिरवलेलं नाही. ती ओढत होती आणि मी चपला सावरत मागे. प्रत्येक पाऊल टाकताना फास दिसतो का बघायचं आणि प्रत्येक जाळी हलली की थांबायचं. हाका मारून उपयोग नव्हता. यंत्रमागाच्या खडखडाटात जन्म काढलेला माणूस, शेजारी बसून सांगितलेलं त्यांना ऐकू येत नाही. तरी मी 'अहो, अहो' करत होते. वाघोबाच्या दगडापाशी गुणाबाई मोळी बांधत होती. तिला विचारलं तर म्हणाली, 'तुझा म्हातारा गो? आज त्याचा आवाज न्हाय आयकला. रोज त आख्खा डोंगर गाजवतो. मेघाली ल्हानपनी अशी व्हती, मेघालीला करवंदं आवडायची, सगलं त्या कुत्रीला सांगतो.'

रानात सरपणाला येणाऱ्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं, एक मलाच नव्हतं. तुझ्या बाबांना वाटायचं आपण कुत्रीच्या कानात बोलतोय, आणि स्वतःचा आवाज केवढा हे त्यांना कधी कळलेलंच नाही. घरात नाव घ्यायचं नाही म्हणाले होते, रानाचं काही बोलले नव्हते ना! पण त्या क्षणी मला हसू आलं नाही. जो माणूस रोज ओरडून बोलतो, तो आज गप्प होता. गुणाबाईच्याही ते ध्यानात आलं. तिने मोळी तिथेच टाकली आणि कोयता घेऊन पुढे झाली.

ओहोळाशी खारी थांबली आणि उतारावरून खाली ओढू लागली. तुझे बाबा खाली खडकांत पडले होते. तारेचा फास घोट्यात रुतलेला, पाय नको तसा वळलेला, तोंड राखेसारखं. चष्मा कुठेतरी पडला होता. त्यांना धुरकट एवढंच दिसलं असणार, पुढे खारी आणि मागे पट्टा धरून कुणी बाई. हात वर करून म्हणाले, 'आलीस, बाय?' इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी लग्न होऊन आल्यापासून ऐकलेलं नाही.

बाय ते फक्त तुला म्हणायचे. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, म्हणाले, 'तू हाय व्हय,' आणि तोंड खडकाकडे फिरवलं. गुणाबाईने फास सैल केला, गोडाऊनवरच्या लोकांनी चादरीची झोळी करून खाली आणलं. टेम्पोत वेदनेने बडबडत होते, तेव्हा मला खारीचं कोडं उलगडलं. पडल्यावर त्यांनी पट्टा सोडवला होता आणि तिला सांगितलं होतं, जा, मेघालीला घेऊन ये. रोज ऐकून ऐकून तिला ते नाव पाठ झालंय. म्हणून ती आधी तुझ्या खोलीत गेली.

आता ते बरे आहेत. घोट्याचं ऑपरेशन झालं, प्लास्टर आहे, माझ्यावर खेकसणं सुरू झालंय. तुझं नाव पुन्हा बंद. पण परवा मी दुपारी घरी आले तर तुझ्या खोलीचं दार उघडं होतं, आणि प्लास्टरचा पाय घेऊन ते एक गोण ढकलत बसले होते. विचारलं तर म्हणाले, उंदीर झालेत. नागसेनबद्दल ते अवाक्षर बोललेले नाहीत, मी खोटं कशाला लिहू? तरी या, दोघंही या. दार मी उघडीन, आणि त्यावर काही बोललेच तर माझ्याशी गाठ आहे. ते स्वतः तुला कधीच बोलावणार नाहीत, म्हणून हे पत्र. त्यांनी खारीला तुला आणायला पाठवलं होतं. बिचारीला तू सापडली नाहीस, तिने मलाच नेलं. तिचं राहिलेलं काम मी करतेय. ये, बाय.

तुझीच,
आई