ओठ दिसणारा टीव्ही

४ मार्च

चि. भिंगरीस, एका बहिऱ्या म्हातारीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तब्येतीचं एका शब्दात उरकलंस, ते मला आवडलं नाही. बातम्या देताना कुठे किती पाऊस पडला ते साग्रसंगीत सांगतेस, आणि स्वतःचं मात्र नुसतं 'ठीक'.

मुद्द्याचं लिहिते. आपला टीव्ही आता अगदीच अंधूक झालाय. कान गेल्यापासून मी माणसांचे ओठ वाचते, हे तुला ठाऊकच आहे. बागेत पलीकडच्या बाकावर नवराबायको भांडत असली, तरी चूक कोणाची ते मला इथे बसून कळतं. पण रोज संध्याकाळी बातम्यांना तू समोर येतेस आणि तुझं तोंड म्हणजे नुसता लाल ठिपका. साऱ्या जगाला तुझं बोलणं कळतं, जन्म देणारीला नाही.

परवा टीव्हीच्या दुकानात गेले होते. दुकानदाराने हाय डेफिनिशनचा नवा टीव्ही लावून दाखवला. त्यावर माणसाचा दात न् दात दिसतो. कोण कुठली बाई बोलत होती, तिचं अख्खं भाषण मी उभ्या उभ्या वाचलं. मला रडूच आलं. दुकानदार घाबरला, त्याला वाटलं किंमत ऐकून रडतेय.

तुझी ताई म्हणते, घाई नको. पेन्शन माझी आणि जीव तिचा तुटतोय. तू तिला दोन शब्द सुनाव. तुझं ती ऐकते.

वेळेवर जेवत जा. कळावे, आणि सविस्तर कळवावे.

तुझी आई

११ मार्च

प्रिय ताई,

स. न. वि. वि. यातली विनंतीच या वेळी खरी समज.

घरी फोन केला की आई खोलीच्या दुसऱ्या टोकावरून तुझे ओठ वाचते, आणि छापखान्यात केला तर यंत्रांच्या खडखडाटात तुला काही ऐकू येत नाही. म्हणून हे पत्र छापखान्याच्या पत्त्यावर. वाचून तिथेच फाडून टाक.

आईला तो टीव्ही घेऊ देऊ नकोस. उपचारांनी केस गेल्याचं तुला लिहिलंच होतं. आता भुवयाही गेल्या. आमची मेकअपवाली रोज नव्या भुवया रंगवते, डोक्यावर टोप बसवते, गालांचे खड्डे बुजवते. तुमच्या जुन्या टीव्हीवर हे खपून जातं. नव्यावर खपणार नाही. आमच्या कॅमेरावाल्याने परवा मला मोठ्या पडद्यावर मीच दाखवली, तर क्षणभर मला ओळखच पटेना.

बाबांच्या आजारानंतर आईचं काय झालं ते आपण दोघींनी पाहिलंय. बाबा गेले आणि वर्षाच्या आत तिचे कान गेले. आता माझ्या निमित्ताने तिचं आणखी काय जायचं? बरी झाले की मीच सांगेन, हसत सांगेन. तोवर तू काहीतरी सबब काढ. कंजूष म्हणून तुझी ख्याती आहेच, ती वाया जाऊ देऊ नकोस.

रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझी भिंगरी

२० मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद व एक धपाटा.

तुझ्या सांगण्याप्रमाणे खोटं बोलायला लागले. आधी म्हटलं, भिंत पोकळ आहे, खिळा धरणार नाही. आईने गवंडी बोलावून भिंत ठोकून घेतली. मग म्हटलं, त्या लखलखाटाने डोळे बिघडतात. तिने डोळ्यांच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं, ते हसले. आता माझी झोळी रिकामी आहे.

त्यात आणखी एक. खोटं बोलताना मला तोंड फिरवावं लागतं, नाहीतर ती ओठांवरूनच पकडेल. आणि तोंड फिरवलं की तिला वाटतं, मी तिच्यावर चिडले. काल मला म्हणाली की बहिऱ्या माणसाकडे पाठ करून बोलणं म्हणजे दार लावून घेण्यासारखं असतं.

संध्याकाळी बातम्यांना ती टीव्हीला नाक लावून बसते. परवा पदराने तुझ्या तोंडावरची धूळ पुसत होती. धूळ नव्हती ग. मी सकाळीच काच पुसली होती.

बाहेर छापखान्यात मुद्रितं तपासून दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि घरी आपणच करायच्या, हे मला झेपत नाही. एक तर तिला खरं सांग, नाहीतर टीव्ही घेऊ दे. मला असं कात्रीत धरू नकोस.

उपचारांचं नीट कळव. लोभ असावा, आणि पोटात अन्नही असावं.

तुझी ताई

२ एप्रिल

प्रिय ताई,

स. न. वि. वि. टीव्ही घ्या.

तुझं पत्र वाचून आधी पोटभर रडले, मग मेकअपवालीला सगळं सांगितलं. ती आमच्या सगळ्यांची गुपितं पावडरखाली झाकत आलेली बाई. तिने नवा टोप आणवला, खऱ्या केसांचा. भुवया आता एकेक केस काढावा तशा रेखते. दिवेवाल्याने समोरचा दिवा जरा खाली घेतला. मोठ्या पडद्यावर पुन्हा पाहिलं आणि खरं सांगते, मी बरी दिसते. आजारी पडायच्या आधी एवढी नीटनेटकी कधी नव्हते.

आणि आई माझे ओठ बघेल, भुवया नाही. मी सावकाश बोलेन, शब्द सुटे सुटे करून. संपादकांनी विचारलं की बाई, हल्ली तुम्ही एवढ्या संथ का झालात. म्हटलं, बातम्या फार पळतात, कोणीतरी थांबायला नको का? त्यांना पटलं की नाही कोण जाणे.

उपचार छान चालू आहेत. डॉक्टर खूश आहेत. तू उगाच जीवाला घोर लावून घेऊ नकोस. टीव्ही बसवलात की आई काय म्हणाली ते शब्दन् शब्द लिही. चुका सुधारू नकोस.

तुझी धाकटी आणि लाडकी (दुसरी आहेच कोण),
भिंगरी

१५ एप्रिल

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद. आज धपाटा नाही.

काल टीव्ही आला. आईने सकाळपासून दाराशी तळ ठोकला होता. बसवणाऱ्यांना तिने इतक्या सूचना दिल्या की त्यातला एक मला हळूच म्हणाला, आजींनाच कामावर घ्यायला हवं. ते तिने वाचलं, आणि पगार किती ते विचारलं!

संध्याकाळी तू पडद्यावर आलीस आणि ती पुढे सरकून बसली. मग तुझ्यामागून मोठ्याने एकेक वाक्य म्हणायला लागली, शाळेत पाठ म्हणतात तसं. धरणाचं पाणी, बाजारभाव, कुठला तरी मंत्री, सगळं. मध्येच माझा हात घट्ट धरला. भिंगरी, गेल्या कित्येक वर्षांत मी तिला एवढं खूश पाहिलेलं नाही. भुवयांबद्दल, केसांबद्दल चकार शब्द नाही. उलट तू गोरी झालीस म्हणाली.

शेवटी तुमच्या मंडळींची नावं वर सरकायला लागली, तुमचा आवाज बंद होऊन ते नेहमीचं संगीत लागलं. तू शेजारच्या निवेदकाशी काहीतरी बोलत होतीस. मी चहा ठेवायला उठले. परत आले तर जाहिराती चालू होत्या आणि आई तशीच बसून होती. डोळे भरलेले. मी विचारलं, तर म्हणाली की नव्या टीव्हीला उजेड फार आहे, होईल सवय. चहा मात्र तसाच राहिला.

एकूण निभावलं बघ. आता तू फक्त बरी हो.

माझा सगळा लोभ तुलाच,
ताई

१६ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद. आज त्यापुढे काही सुचत नाही.

परवा तुला पाहिलं. सगळ्या बातम्या वाचल्या, एक शब्द निसटला नाही. किती सावकाश बोललीस ग. ते माझ्यासाठी होतं, हे मला कळलं.

बातम्या संपल्या की तुमचा आवाज बंद करतात, असं ताई सांगते. मला तो कधी चालू नव्हताच. तू बोलत राहिलीस आणि मी वाचत राहिले. कॅमेरा लांब गेला होता, पण या टीव्हीवर लांबचंही दिसतं. तुझ्या शेजारच्या निवेदकाने काहीतरी विचारलं. त्याची मान वळलेली होती, त्याचं कळलं नाही. तुझं कळलं. तू त्याला म्हणालीस की डॉक्टरांनी उपचार थांबवले, आता उपयोग नाही म्हणाले. ताईलाही अजून सांगितलेलं नाही म्हणालीस. मग कागद गोळा करत म्हणालीस की आईला कळायच्या आत सगळं होऊन जावं, म्हणजे मिळवली.

मी स्वतःला समजावलं की आपण चुकीचं वाचलं. ओठ वाचताना चुकतं कधीकधी. पण तुला शब्द फुटायच्या आधीपासून मी तुझं तोंड वाचतेय. तिथे माझी चूक होत नाही.

मला राग आला होता. तुझा, ताईचा, त्या दुकानदाराचासुद्धा. आता नाही. तुझे बाबा गेल्यावर मी कोलमडले, म्हणून तुम्ही दोघींनी मला जपलंत. पण बाळा, मी कोलमडले ती नंतर. ते होते तोवर मी उभी होते. त्यांना उचलून बसवत होते, भरवत होते, हसवत होते. तुझ्यासाठीही उभी राहीन. तेवढं तरी मला करू दे.

नोकरी पुरे झाली. घरी ये. त्या परक्या माणसाला जे सांगितलंस ते मला सांग. समोर बस आणि तोंड फिरवू नकोस. दुखत असेल तर दुखतंय म्हण, भीती वाटत असेल तर तेही म्हण. रडू आलं की ओठ थरथरतात, मग वाचता येत नाही. तेव्हा नुसती जवळ बस.

ताईला मी काही बोलले नाही. ती दोन दिवस गाणं गुणगुणत फिरतेय. गाणं कुठलं ते कळत नाही, पण ओठ हसरे आहेत. तू आलीस की दोघी मिळून तिला सांगू. तिला एकटीला पेलायचं नाही.

दुपारी पोचलीस तर घंटा वाजवत उभी राहू नकोस. ताई छापखान्यात असते आणि मला ऐकू येत नाही. दार उघडंच ठेवते आहे.

तुझी आई