काळ्या चौकटीतला ओदिलदादा

आई,

ओदिलदादाचा फोटो भिंतीवरून उतरवून बाजारात जातेय. कृष्णधवल करून काळ्या चौकटीत लावला की रुबाबदार दिसेल, एवढंच डोक्यात होतं. आपल्याकडे असा फोटो गेलेल्या माणसाचा लावतात, हे काल तू रडलीस तेव्हा लक्षात आलं. गाढव आहे मी! आता रंगीत छापून अक्रोडाच्या चौकटीत बसवून आणते.

रशियाला निघताना त्याने परतीची खूण म्हणून एक घास खाऊन ठेवलेला नान मी खिळ्यावरून काढला होता, तो परत टांगलाय. उरलेला तोच येऊन खाईल. फोटोला दुसरा खिळा ठोकू.

शोरबा गरम करून खा, उपाशी बसू नकोस.

तीन आठवडे त्याचा फोन नाही, हे मलाही कळतं. म्हणून छापायचा फोटो पेनड्राइव्हवर घेतलाय आणि माझा फोन सोबत न नेता तुझ्या उशाशी ठेवलाय, आवाज पूर्ण वाढवून.

झुल्हुमोर