तीच वाटी

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुझ्याशी माझ्या रक्ताबद्दल बोलायचंय. मला सातवा महिना चालू आहे. पहिल्याच तपासणीत रक्तात सिफिलिस निघाला. तुझ्या जावयानं आणला. त्यानं मान खाली घालून कबूलही केलं. दोघांनी इंजेक्शनं घेतली. हा रोग पोटातल्या बाळापर्यंत जातो, आणि औषध लागू पडलं की नाही ते एका आकड्यावरून बघतात. रक्त दुपटीदुपटीनं पातळ करत जातात. जिथवर रोगाची खूण दिसते तो आकडा; एक दुप्पट म्हणजे एक पायरी. माझा बत्तीस होता, तो उतरायला हवा होता. माझ्या आधीची तुझी दोन लेकरं पोटातच गेली, हे डोक्यातून जात नाही. मी घरभर फिरत राहते, धुतलेली भांडी पुन्हा धुते.

आता आमचा शहाणपणा ऐक. इथं घराजवळ, उधन्यात ज्या लॅबमध्ये पहिलं रक्त दिलं तिथं माझी चुलत नणंदच रक्त घेते. तिला कळलं तर भावकीत बोभाटा होईल, म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही मुद्दाम शहराच्या दुसऱ्या टोकाला, कतारगामला गेलो. तिथं आकडा आला चौसष्ट. मी कागद पुन्हा पुन्हा वाचला. नवरा तर लॅबच्या पायरीवरच बसला. डॉक्टरीणबाई मात्र भडकल्या. "बेन, एक सीढ़ी ऊपर-नीचे का कुछ मतलब नहीं. दो सीढ़ी उतरना चाहिए. और लॅब क्यों बदली? अलग लॅब के नंबर साथ में नहीं देखते." कागदावर आणखी एका, बिनआकड्याच्या टेस्टपुढे पॉझिटिव्ह होतं, ते बहुतेक जन्मभर तसंच राहतं म्हणाल्या, बरं झाल्यावरही. त्याला भ्यायचं नाही.

घरी येताना तूच आठवत होतीस. मी लहान आहे, शेजारच्या काकूंचं उसनं पीठ परत द्यायला पेला भरून निघालेय, आणि तू मागून धपाटा घालतेस. "तीच वाटी लई जाय. दुसरी वाटीनं माप खरं नही." तेव्हा मला केवढा राग आला होता तुझा! ज्या वाटीनं आणलं तिनंच परत करायचं, एवढं साधं मला या वयात सुचू नये?

मग गेले उधन्याला. नणंदेनं दंडाला पट्टी बांधली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "वहिनी, पहिला रिपोर्टबी मीच देखेल व्हता. कोनले सांगं का मी?" मला रडूच फुटलं. आज आकडा आला, आठ. बत्तीसवरून दोन पायऱ्या खाली. बाळ जन्मल्यावर त्याचंही रक्त बघतील, पण औषध लागू पडतंय, असं बाई म्हणाल्या. नवऱ्यानं देवापुढे पेढे ठेवले. मी एकही खाल्ला नाही.

कारण आठ ऐकल्यावर मला आधी माझं बाळ आठवलं नाही, माय. तुझी ती दोघं आठवली. दृष्ट लागली म्हणायचे सगळे. तुझं रक्त कधी कुणी बघितलंच नाही. तू गेल्यावर एकटे पडलेले आप्पा आता आमच्याकडेच असतात, आतल्या खोलीत रेडिओ ऐकत बसलेत. तुझ्या रक्तातही हेच होतं का, हे त्यांना विचारायला मी आज दोनदा दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा चहा हवा का, एवढंच विचारून परत आले.